खिडकीची सीट, डावीकडची

विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत, हे मी आयुष्यात जितक्या वेळा सांगितलं असेल तितक्या वेळा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून बंदी. हे समजावून सांगितलं की समोरचा मान डोलवायचा, ‘बरोबर आहे’ म्हणायचा आणि विमानतळावर त्याच्या बॅगेतून खोबऱ्याच्या वाट्या निघायच्या. घरात नारळाचा ढीग असताना लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं हे आमच्या माणसाला पटतच नाही. वर मला येऊन सांगायचे, “बाई, थोडंसंच होतं हो.” जसं काही थोडं खोबरं पेट घेत नाही.

बोर्लीच्या एसटी स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक संगणक, गरगर आवाज करणारा पंखा आणि भिंतीवर विमानाचं चित्र. दिघीपासून दिवेआगरपर्यंतची माणसं मला ‘तिकीटवाल्या बाई’ म्हणूनच ओळखतात. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला, पोरं बसल्या जागी तिकिटं काढतात, आणि मीही थकले. गेल्या वर्षी दुकान बंद केलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. बाजारात गेले तर मी पलीकडच्या बाजूने जाते, तेवढं अजून जमत नाही.

अंकाच्या संपादकांनी सांगितलं, सुट्टीचा बेत कसा आखावा, विमानप्रवास कसा करावा, वाचकांना उपयोगी पडेल असं लिहा. लिहिते. पण उपयोगी लिहिता लिहिता मध्ये एक माणूस येणार आहे आणि आला की तो लवकर जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाहेरच्यांना वाटतं, एजंट म्हणजे बटण दाबून तिकीट काढून देणारा. तिकीट काढणं हे माझं शेवटचं काम असायचं. त्याआधी माणसाला बसवून विचारायचं. कुठे जायचंय यापेक्षा कशासाठी जायचंय. मोकळे कधी आहात. बरोबर म्हातारं माणूस आहे का, पोर आहे का, कुणाचे गुडघे दुखतात का. पोहोचल्या दिवशीच लग्न गाठायचंय असं कुणी म्हणालं की मी हात जोडायची. विमान उशिरा सुटलं तर अक्षता फोनवर टाकाल का? जाताना एक दिवस मोकळा ठेवा, येताना एक दिवस मोकळा ठेवा. त्या मोकळ्या दिवसात काही घडलं नाही तर झोपा काढा, ती पण सुट्टीच.

आमच्याकडच्या माणसाची सुट्टी ठरवणं हे वेगळंच प्रकरण असतं. दिवेआगरला, काशीदला घरोघरी पर्यटक उतरतात. जगाला दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा यांना मोदक वळण्यातून आणि चादरी धुण्यातून डोकं वर काढता येत नाही. ते मोकळे होणार पावसात. शेती असलेले मोकळे होणार भात झोडून झालं की. आणि कोळी मोकळे होणार पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली की. मग मी त्यांच्यासाठी आषाढात बघण्यासारखं काय आहे ते शोधत बसायची. आषाढात दिघीची जेटीही भरवशाची नाही. खाडीला तुफान असलं की पलीकडे आगरदांड्याला जाणारी फेरी बंद, आणि मग माणगाववरून लांबचा रस्ता धरा. म्हणून पावसाळ्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं एकच सांगणं असायचं की आदल्या दिवशी पनवेलला नातेवाईक शोधा. नातेवाईक नसेल तर ओळख काढा. विमान म्हणजे एसटी नाही, हात केला म्हणून थांबायला. आता तर पनवेलच्या अंगालाच नवा विमानतळ झालाय, मला नेमका दुकान बंद केल्यावर मिळाला.

तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावासारखंच हवं, अक्षरन् अक्षर. आमच्याकडे बायकांची दोन-दोन नावं. लग्नात नाव बदललेलं, कार्डावर माहेरचं, आणि हाक मारायला तिसरंच. “तुमचं नाव काय?” असं विचारलं की नवरा उत्तर द्यायचा. मी म्हणायची, तुम्ही नको, कार्ड दाखवा. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत नाही. सुकट, बोंबील न्यायचेच असतील तर पत्र्याच्या डब्यात घालून, डब्याला चिकटपट्टी मारून मोठ्या बॅगेत टाका, आणि तरीही वास आला तर ती बॅग आपली नाही असं दाखवू नका, कारण वर नाव असतं. विमान उतरताना कानाला दडे बसतात, तेव्हा आवंढा गिळत राहा. तान्ह्या मुलाला त्या वेळी पाजा.

आणि अडकित्ता. दिवेआगरचे एक वाडीवाले होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पोफळीच्या बागेत जन्म गेलेला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पितळी अडकित्ता कायम असायचा. वादळाने निम्मी बाग झोपवली त्या वर्षी त्यांच्या मुलाने हट्टाने त्यांना बंगळुरूला बोलावून घेतलं. तपासणीत अडकित्ता काढून घेतला. धारेची वस्तू हातात चालत नाही, मोठ्या बॅगेत चालते. पण मोठी बॅग केव्हाच पुढे गेली होती. अण्णा तिथल्या पोरीला म्हणाले, “अहो, सुपारी विमानात कातरू नका म्हणा, पण अडकित्ता का घेता?” परत आल्यावर तडक माझ्या दुकानात. “तू मला खोबऱ्याचं सांगितलंस, अडकित्त्याचं सांगितलं नाहीस.” आता मला काय माहीत त्यांच्या खिशात काय असतं? पण त्या दिवसापासून मी समोर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला खिसे रिकामे करायला लावायची. दोन अडकित्ते, एक चाकू आणि एकदा गळांची डबी, एवढा ऐवज त्या टेबलावर निघालाय.

आता तो माणूस. हरी नाखवा, दिघीच्या कोळीवाड्यातले. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, आणि हे नाखवा नुसते मालक नव्हते, स्वतः सुकाणू धरून जाणारे होते. दुकानात पहिल्यांदा आले ते भर आषाढात. टोपी काढून पाणी झटकलं आणि उभ्या उभ्याच विचारलं,

“बाय, इमानातून आपला दर्या दिसतो काय गो?”

म्हटलं, दिसतो की. खिडकी मिळाली पाहिजे.

“मंग मना एक खिडकी दे.”

“पण जायचंय कुठे?”

“कुठंबी. दर्या दिसला पायजे.”

इतक्या वर्षांच्या धंद्यात कुठेही जायला तयार असलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. मग हळूहळू निघालं. पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेली ती नजर येणार नाही, राहिली ती औषध घालून जितकी टिकेल तितकी टिकेल. कडेचं दिसेनासं झालं होतं, समोरचं अजून दिसत होतं. त्यांनी दोन्ही हातांची नळी करून डोळ्याला लावून दाखवली. “हे येवढं हाय अजून.”

आणि समुद्र वरून कशाला बघायचा? तर त्याचंही कारण होतं. दिघीच्या बाहेर, दिवेआगरच्या दिशेने, पाण्याखाली एक मोठा खडप आहे. खडप म्हणजे बुडालेला खडक. नाखव्यांच्या वडिलांची जाळी त्यावर फाटली, त्यांची स्वतःची फाटली. चाळीसेक वर्षं कुठे जाळं अडकलं, कुठे सुटलं, हे आठवून आठवून त्यांनी डोक्यात त्या खडपाचा आकार तयार केला होता. त्यांचं म्हणणं, खडप सरळ नाही, त्याला शेपटी आहे आणि ती दिवेआगरच्या अंगाला वळलेली आहे. कोळीवाड्यातले बाकीचे जुने लोक म्हणत, शेपटी वगैरे काही नाही. यावरून भांडणं झाली होती, एकदा तर होळीच्या दिवशी.

मी माझ्या संगणकावर त्यांना वरून काढलेला नकाशा दाखवला. त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, “हा तर निला रंग फासलाय. यात दर्या कुठाय?” खरंच होतं, समुद्र सगळीकडे सारखाच निळा दाखवला होता.

“ओहोटीला त्याच्यावर पानी फुटतं,” ते म्हणाले. “खालून मना एक टोक दिसतं, मंग दुसरं. सगला एका टायमाला कधी दिसला न्हाय. डोस्क्यात हाय तसाच हाय का, येवढं बघायचं हाय. डोले हायेत तवर.”

मी त्यांना खरं ते सांगितलं. पावसाळ्यात विमान चढलं की खाली ढग. पैसे घालून कापूस बघून याल. त्यापेक्षा दिवाळीनंतर जा, आभाळ निवळतं. ते हसले. “दिवालीत मी दर्यावर असनार. बंदी हाय तवाच मी मोकला.” एक फेरी चुकवा म्हटलं, तर म्हणाले, नाखवा नाही गेला तर बोट जात नाही, आणि बोट नाही गेली तर खलाशांच्या घरी काय शिजणार? म्हणजे ते मोकळे तेव्हा समुद्र ढगाखाली, आणि समुद्र मोकळा तेव्हा ते त्याच्या अंगावर. ते तसेच परत गेले.

पुढच्या आषाढात पुन्हा आले. या वेळी बरोबर त्यांची बायको होती, यमुनाकाकी. त्यांच्या हाताला धरूनच नाखवा पायरी चढले. टेबलाच्या कडेला ठेवलेला चहाचा कप त्यांना दिसला नाही, कोपराने खाली गेला. काकी पदराने पुसायला लागल्या आणि पुसता पुसताच म्हणाल्या,

“शिमग्याला का न्हाय जात? तवा सगल्या बोटी किनाऱ्याला असतात.”

मी आणि नाखवा एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी सोपी गोष्ट मला सुचली नाही याचा मला रागच आला. शिमग्याला आमच्याकडच्या सगळ्या बोटी घरी येतात. आभाळ स्वच्छ असतं. त्यात होळी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे मोठी ओहोटी, आणि ती उतरत्या दुपारी, संध्याकाळच्या अंगाला. नाखव्यांच्या तोंडून हे सगळं भराभर बाहेर पडत होतं. मी माझी भर घातली. मुंबईहून गोव्याला उतरत्या दुपारचं विमान असतं. ते किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जातं. जमीन डावीकडे राहते म्हणून खिडकी डावीकडचीच घ्यायची. सकाळी त्या बाजूला उन्हाची तिरीप येते, दुपारी ऊन पाठीमागून पडतं आणि किनारा उजळ दिसतो. पंख मध्ये येऊ नये म्हणून सीट पुढची. येताना गोव्याहून रेल्वेने यायचं आणि माणगावला उतरायचं, मुंबईला परत जायचं कारणच नाही. वर्षातून तेवढे दोन दिवस सगळं जुळून येत होतं. मी अशी रंगात आले होते जशी मीच जाणार आहे.

एकच अडचण होती. शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते, आणि कोळीवाड्यात ती पहिल्यांदा खांद्यावर घ्यायचा मान नाखव्यांच्या घराचा. आजोबांपासूनचा. त्या दिवशी तिकीट झालंच नाही. माघ संपता संपता ते एकटेच आले, कुणाच्या तरी रिक्षातून. म्हणाले, “मान या वक्ताला भावाला दिला. काड तिकीट.” त्या मानावरून भावाभावांत काय बोलणं झालं असेल ते मी विचारलं नाही.

जाण्याआधी मी दोघांना दुकानात बोलावून शाळेसारखं शिकवलं. नारळ, सुकट, नाव, ओळखपत्र, पट्टा कसा लावायचा, कानाला दडे बसले तर काय करायचं. नाखव्यांचे खिसे तपासले. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हातातल्या पिशवीत ठेवायला लावली. आणि शेवटी बजावलं, “कुणी म्हणेल, जरा जागा बदलता का. गोड बोलून विचारतील. द्यायची नाही. ती तुमची आहे, आपण आधीच घेतली आहे.” नाखवा म्हणाले, “व्हय गो बाय, कल्ला.” काकी म्हणाल्या, “मी हाय ना.”

होळीच्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या दारात उभी राहून वर बघत होते. इथून विमानं दिसतात, लहान, पांढरी. त्यातलं त्यांचं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता, पण आभाळ इतकं निवळशंख होतं की मी एकटीच हसत होते.

ते परत आले आणि दिघीला जत्रा भरल्यासारखं झालं म्हणे. मीही दोन दिवसांनी गेले. नाखवा ओट्यावर बसले होते आणि भोवती माणसं. सांगत होते, खाडीचं तोंड कसं दिसलं, जंजिरा केवढासा, फेरी म्हणजे पाण्यावरची माशी. “आनि खडप?” कुणीतरी विचारलं. नाखव्यांनी हवेत बोट फिरवलं. “आसा. आनि शेपटी आशी, दिवेआगरच्या अंगाला. जशी सांगत व्हतो तशी.” जुन्या लोकांपैकी एक जण म्हणाला, “हरी वर जाऊन बघून आला, आता काय बोलायचा?” सगळे हसले. मी घरी आले ती अगदी हवेत. इतकी तिकिटं काढली, पण हे तिकीट मी माझं म्हणत होते. येईल त्याला ही गोष्ट सांगायची. डावी खिडकी, दुपारचं विमान, होळीची ओहोटी. एका माणसाचं आयुष्यभराचं काम आपण करून दिलं, असं मला वाटत होतं.

पावसाळ्यात काकी बाजाराला आल्या होत्या. पाऊस लागला म्हणून दुकानात शिरल्या. मी त्यांना विचारलं, “काकी, तुम्हाला पण दिसला का हो खडप?” त्या पिशवीची गाठ सोडत होत्या, ती तशीच सोडून दिली.

“कुनाला दिसला?” त्या म्हणाल्या. “त्यानला पन न्हाय दिसला.”

मग त्यांनी सांगितलं. नाखवा खिडकीत, काकी मध्ये आणि कडेला एक बाई, मांडीवर लेकरू घेऊन. विमान सुटायच्या आधीच लेकराने रडून गोंधळ घातला. त्या बाईने विचारलं, काका, खिडकी द्याल का, बाहेर बघितलं की हा गप्प होतो. काकी ‘न्हाय’ म्हणणार तोवर नाखवा उठून उभे राहिलेसुद्धा. बाई खिडकीत गेली, नाखवा कडेला आले. विमान वर चढलं, लेकरू गप्प झालं आणि झोपलं. त्याच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून आईने खिडकीचं झाकण खाली ओढलं.

“मी त्यानला बोल्ले, सांगा तिला, उघड म्हना. तर माझ्या हातावर हात ठेवला. बोल्ले, पोर उठंल.” काकींनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. “झाकन उघडलं तवा गोवा आला व्हता.”

आणि मग घरी येऊन सगळं सांगितलं ते? “मान दिला ना भावाला,” काकी म्हणाल्या. “न्हाय दिसला कसं सांगनार?”

मला त्या बाईचा राग आला, काकींचा आला, नाखव्यांचा तर फारच आला. मी त्यांना सगळं शिकवलं होतं. हे तर सगळ्यात शेवटी, बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दिघीला गेले. नाखवा जाळ्याजवळ बसले होते, बोटांनी चाचपून फाटलेलं शोधत. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “हिनं सांगितला वाटतं.”

“का दिलीत हो?” मी म्हटलं. “मी सांगितलं होतं ना?”

“सांगितलं व्हतंस गो. पर त्या टायमाला तुझं सांगनं याद नाय आलं. बोटीवर जागा मागतली त नाय बोलत न्हाय आपन. कुनी मागत पन न्हाय तशी. मागतली म्हनजे लागलच आसल.” त्यांनी जाळ्याचा तुकडा खाली ठेवला. “माजा पाय आपसूक उठला.”

पुढच्या शिमग्याला पुन्हा जाऊ, मी स्वतः बरोबर येते, म्हटलं. ते हो म्हणाले. पण पुढच्या शिमग्यापर्यंत ते हातांच्या नळीएवढंसुद्धा राहिलं नाही. माघात त्यांना दिवसाउजेडी फक्त उजेड कळायला लागला. बोट पुतण्याकडे गेली.

माझी मुलगी गोव्याला असते. मी इतकी वर्षं दुनियेला विमानात बसवलं आणि स्वतः तिच्याकडे गाडीनेच जायची, कारण गाडीचं स्वस्त तिकीट मी आधीच काढून ठेवलेलं असायचं. नाखव्यांना हे ठाऊक होतं. त्या शिमग्याच्या आधी त्यांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. म्हणाले, “बाय, या वक्ताला तू इमानातून जा. बघून ये. मंग मना एकट्याला सांग, बाकी कुनाला नको. शेपटी कनच्या अंगाला हाय ते.”

मी गेले. तेच दुपारचं विमान, तीच डावी बाजू, पुढची खिडकी. शेजारच्या माणसाने वर्तमानपत्र उघडलं, त्याला काही नको होतं. आभाळ स्वच्छ होतं. विमान समुद्रावर गेलं, वळलं, आणि किनारा खिडकीत आला. मी काचेला नाक लावलं.

मला काहीच ओळखता आलं नाही. तपकिरी काठ, त्याला जागोजागी फाटे. कुठली खाडी आपली? एका फाट्याच्या तोंडाशी एक ठिपका होता, तो जंजिरा असेल, जहाज असेल. पाण्यावर पांढऱ्या रेघा होत्या, एक नाही, कितीतरी. त्यातली कुठली खडपावरची आणि कुठली नुसती लाट? मी बघतेय तोवर सगळं मागे गेलं आणि पुढे डोंगर लागले. ज्या किनाऱ्यावर जन्म काढला तो मला वरून परका दिसला. मी डोळे पुसले, शेजारच्याने विचारलं, “कान दुखतायत का?” मी हो म्हटलं.

माणगावला उतरून घरी येईपर्यंत मी ठरवत होते, खोटं सांगायचं. शेपटी आहे, दिवेआगरच्या अंगालाच आहे. माझं काय जातंय? पण नाखव्यांच्या ओट्यावर बसले, त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, आणि ते जमेना.

“नाही दिसला, नाखवा. मला आपली खाडीसुद्धा ओळखता आली नाही.”

ते ओट्यावर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, “खिडकीत बसली व्हतीस ना?”

“खिडकीतच. अख्खा वेळ.”

“झाकन उघडं व्हतं?”

“उघडं होतं. आभाळ पण चांगलं होतं.”

त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. इतके दिवस कुठेतरी आवळून धरलेलं काहीतरी त्यांनी सोडून दिलं. आत बघून काकींना हाक मारली, हिच्यासाठी चहा टाक म्हणून. मग मला म्हणाले,

“मंग पोराला दिली ते वाया न्हाय गेलं गो. बसलो आसतो तरी काय दिसनार व्हतं?”

“हो ना,” मी म्हटलं. “वरून कुणालाच काही ओळखू येत नाही.”

चहा आला, आम्ही प्यायलो. त्यांना दिसला असता. मला ओळखू न आलेल्या त्या सगळ्या रेघांतून त्यांनी आपली रेघ एका नजरेत काढली असती.